कटाचा ठराव कुणी लिहून ठेवत नाही

आजचा विषय जरा जड आहे, पण कामाचा आहे. एखाद्या घरचं लेकरू पळवलं, खंडणी मागितली, मग पोलिसांनी आरोपी पकडले. आपल्याला वाटतं, झालं, आता जन्मठेप होणार. पण आरोपी सापडणं वेगळं आणि कोर्टात गुन्हा शाबीत होणं वेगळं.

तेलंगणातली एक केस ऐका. सहावीतल्या मुलाला रिक्षावाल्यानं घरी सोडतो म्हणून नेलं आणि वडिलांकडे दोन लाख रुपये मागितले. मूल परत मिळालं. आरोपीला जन्मठेप झाली. पण २०२१ साली सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली आणि नुसत्या अपहरणासाठी सात वर्षांची शिक्षा दिली.

असं का झालं? खंडणीसाठी अपहरणाचं कलम लावायला तीन गोष्टी शाबीत व्हाव्या लागतात. एक, माणसाला पळवलं किंवा डांबून ठेवलं. दोन, त्याला मारण्याची किंवा इजा करण्याची धमकी दिली, तशी भीती वाटावी असं वागले, किंवा खरोखरच इजा केली, जीव घेतला. तीन, हे सगळं पैसे किंवा दुसरं काही मिळवण्यासाठी केलं. त्या केसमध्ये दुसरी गोष्ट शाबीत झाली नाही. जुन्या कायद्यात हे कलम ३६४-अ होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम १४० मध्ये आलं. अटी त्याच आहेत. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप.

म्हणून तक्रार देताना "पैसे मागितले" एवढ्यावर थांबू नका. तो नेमकं काय बोलला, किती वाजता बोलला, कोणत्या नंबरवरून बोलला, ते त्याच्याच शब्दांत सांगा. मात्र घडलं नाही ते पदरचं जोडू नका. उलटतपासणीत एक खोटं उघडं पडलं की खऱ्यावरही संशय येतो.

आता कटाचं बघू. आपल्या गटात कर्ज द्यायचं तर आपण ठराव लिहितो, सह्या करतो. कट करणारे ठराव लिहीत नाहीत. म्हणून कोर्ट धागे जुळवतं. कुणी पाळत ठेवली, गाडी कुणी दिली, मूल कुणाच्या घरी होतं, पैसे घ्यायला कोण आलं, त्या दिवसांत कुणाचे कुणाला फोन झाले. पण ओळख आहे, नातं आहे, एवढ्यावर कुणी कटात धरला जात नाही. काय चाललंय ते माहीत असून तो सामील झाला, हे दिसावं लागतं. गाडी भाड्यानं देणाऱ्याला काहीच ठाऊक नसेल, तर तो गुन्हेगार नाही.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पण आरोपीनं सांगितल्यावरून पैसे किंवा वस्तू सापडली, तर तेवढी माहिती चालते. म्हणून पंच व्हायला बोलावलं तर घाबरू नका. मात्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

फोनचं तर नीट लक्षात ठेवा. रेकॉर्डिंग, मेसेज काही पुसू नका. मूळ फोन सांभाळा, पोलिसांनी घेतला तर पंचनामा करून घ्या. नुसती नक्कल कोर्टात द्यायची तर सोबत कायद्यानं ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं. आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २०२० साली हे स्पष्ट केलं. मुलाचा जन्मदाखलाही हाताशी असू द्या. अठरा वर्षांखालच्या मुलाचं अपहरण शाबीत करताना वय दाखवावं लागतं.

आणि सगळ्यात आधी ११२ नंबर लावा. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. अशा वेळी आई भांबावलेली असते, तिला काही सुचत नाही. तेव्हा गटातल्या एकीनं तिच्याशेजारी बसावं आणि ती सांगेल ते वहीत तारीख-वेळेसह लिहून काढावं. तिच्या आठवणीला त्या वहीचा आधार होईल.