रानटी किण्वें आणि दाहाचें शमन



आमच्या गेवराईच्या बाजारांत मोसंबीचा हंगाम आला म्हणजे फुटक्या फळांचा आंबूस वास सुटतो. हें काम सालीवर राहणाऱ्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या किण्वांचें, म्हणजे यीस्टचें. आपले वैद्य आसवारिष्टांत धायटीचीं फुलें घालतात. तीं फुलेंहि अशींच किण्वें घेऊन येतात.

ह्या रानटी जीवांच्या अर्कानें शरीरांतील दाह शमेल काय, हा आजच्या शास्त्राचा प्रश्न आहे. १९२३ सालीं आंरी बुलार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें इंडोचायनांत लिची व मँगोस्टीन ह्या फळांवरून एक किण्व वेगळें काढलें. पटकीच्या साथींत तेथील लोक त्या फळांच्या सालींचा काढा घेत, हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. पुढें तें किण्व अतिसारावरील औषध झालें. २००६ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, तें ज्या द्रवांत वाढतें, त्यांतून किण्व काढून टाकलें तरी उरलेला द्रव आंतड्याच्या पेशींतील दाहाचा संदेश दाबतो. हा संदेश रक्तांतील पांढऱ्या पेशींस मदतीस बोलावतो. बोलावणें थांबलेंच नाहीं, तर रक्षकच घर मोडूं लागतात.

परंतु कांचपात्रांतील पेशी म्हणजे मनुष्य नव्हे. इंग्लंडहून आलेल्या डॉ. ल्यूसी विल्स ह्यांनीं मुंबईंत गर्भवती स्त्रियांच्या पंडुरोगावर यीस्टचा अर्क गुणकारी असल्याचें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. तेथें रोगी प्रत्यक्ष बरे झाले होते. तरीहि त्यांतील गुणकारी द्रव्य फोलिक आम्ल होय, हें उमगावयास आणखी कित्येक वर्षें लागलीं. दाहाच्या बाबतींत तर अजून पहिलीच पायरी चालली आहे.

हें सांगण्याचें कारण असें. माझे गुडघे सुजतात. एका स्नेह्यानें सुचविलें, “गोळ्या सोडा, घरींच फळें आंबवून प्या.” मीं नम्रपणें नकार दिला. घरच्या बरणींत कोणते जीव वाढले, मद्य किती झालें, हें कोणी मोजलेलें नसतें. बुलारचें तें औषधी किण्वसुद्धां, जिवंत असल्यामुळें, अत्यवस्थ रोग्यांच्या रक्तांत शिरून घातक ठरल्याचीं उदाहरणें आहेत. म्हणून अर्क निराळा, जिवंत किण्व निराळें आणि घरचें आंबवण निराळें, हा विवेक आपण ठेवावा.

सालीवरच्या धुळीएवढ्या जीवांतून उद्यां औषध निघेलहि. तोंवर आशा अवश्य बाळगावी. डॉक्टरांची गोळी मात्र सोडूं नये.