विजेचा भागाकार



रात्री घरबसल्या एखादे छायाचित्र पाठवले जाते, बँकेतील रक्कम दुसऱ्या खात्यात वळती होते, तेव्हा ते काम प्रत्यक्षात कुठल्या तरी बंदिस्त इमारतीत घडत असते. तेथे असतात संगणकांच्या रांगा, त्यांतून सतत बाहेर पडणारी उष्णता आणि ती घालवण्यासाठी अहोरात्र धडधडणारी शीतकरण यंत्रे. या व्यवस्थेला 'क्लाउड' म्हणणाऱ्याच्या कल्पकतेला दाद द्यावी. प्रत्यक्षात हा मेघ भुईवरच आहे, आणि भारतात तो सर्वाधिक दाटला आहे मुंबई परिसरात, ऐरोली-महापे-पनवेलच्या पट्ट्यात. त्याला लागणारी वीज ज्या राज्यातून पुरवली जाते, तेथे चंद्रपूर-कोराडीच्या भट्ट्यांत आजही कोळसाच जळतो. म्हणून तिचा हिशेब सर्वांच्या हिताचा आहे.

या हिशेबासाठी 'ग्रीन ग्रिड' या उद्योगसमूहांच्या मंडळाने २००७पासून एक माप रूढ केले. त्याला 'पीयूई' म्हणतात. केंद्राने घेतलेल्या एकूण विजेला केवळ संगणक यंत्रणेने वापरलेल्या विजेने भागायचे. उत्तर १ आले तर सारी वीज कामी आली. २ आले तर जेवढी वीज कामाला, तेवढीच वरखर्चाला गेली. २०१६ साली या मापाला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या पाहणीत २००७ साली सरासरी २.५ होती, २०२४ साली ती १.५६ झाली. मात्र यातील बहुतेक घट पहिल्या सहा-सात वर्षांतली आहे. त्यानंतर गाडी जवळजवळ अडलेलीच आहे.

ही घट झाली ती पुष्कळशी साध्या शहाणपणाने. थंड हवेची गल्ली आणि गरम हवेची गल्ली वेगळी केली, मधली भोके बुजवली. संगणकाची खोली म्हणजे शाल पांघरून बसण्याची जागा, ही जुन्या कार्यालयांतली समजूतही सुटली. 'ॲश्रे' या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेने २००८ साली आत येणाऱ्या हवेची शिफारस केलेली कमाल मर्यादा २५ वरून २७ अंशांवर नेली. फिनलंडमधील हामिना येथे गूगलने २००९ साली कागदाची एक जुनी गिरणी घेतली आणि फिनलंडच्या आखाताचे थंडगार पाणी आत खेळवून यंत्रे निववली.

ही युक्ती उचलून ठाण्याच्या खाडीवर आणता येत नाही. येथील पाणी कोमट, हवा दमट. बाष्पीभवनाने हवा गार करावी, तर पावसाळ्यात हवेला पाणी पिण्याची तहानच नसते. कोरड्या हवेत हा उपाय साधतो. तेव्हा वीज वाचते, पण पाणी उडून जाते, आणि पीयूईच्या भागाकारात पाण्याला जागा नाही. पाण्याचे माप वेगळे आहे. जाहिरातीत ते सहसा दिसत नाही.

खरी मेख मात्र भागाकारातच आहे. समजा, एका केंद्राची वीज १,५०० युनिट, त्यांपैकी संगणकांची १,०००. पीयूई १.५. एका दक्ष अभियंत्याला आढळते, की काही सर्व्हर कुणाच्याही उपयोगाचे नसताना नुसतेच चालू आहेत. तो ते बंद करतो आणि २०० युनिट वाचतात. शीतकरणाचा भार थोडा उतरतो, पण पंखे, यूपीएस, दिवे यांचा बराच खर्च ठरलेलाच असल्याने वरखर्च ५०० वरून ४६०वरच येतो. एकूण खप १,२६०. म्हणजे २४० युनिट वाचले! पण १,२६० भागिले ८०० म्हणजे जवळजवळ १.५८. अहवालात त्या अभियंत्याचे केंद्र बिघडलेले दिसते. उलट, निरुपयोगी यंत्रे तशीच ठेवणाऱ्याचा आकडा देखणा राहतो.

म्हणून नवी मुंबईतील एखादे केंद्र आपला आकडा मिरवील, तेव्हा तो बारा महिन्यांच्या मोजणीचा आहे की एखाद्या गार जानेवारीचा, हे आधी पाहावे. त्याबरोबर पाणी किती लागले आणि यंत्रांपैकी खरोखर राबत किती होती, हेही विचारावे.