आज्यांचे जुने अंक



गटाच्या बैठकीचं सगळं वहीत लिहायचं, पण ते वाचणार कोण? आम्हालाही असंच वाटायचं. म्हणून आज अमेरिकेतल्या मॉर्मन बायकांची गोष्ट सांगतो.

मॉर्मन हा ख्रिस्ती परंपरेतला पंथ. युटामधल्या या बायकांनी १८७२ साली स्वतःचं पत्र काढलं, ‘वुमन्स एक्स्पोनंट’. त्यात श्रद्धेबद्दल लिहिलं जाई, तसंच मताच्या हक्काबद्दलही. हा हक्क त्यांना १८७० साली मिळाला होता. १८८७ साली बहुपत्नीत्वाविरुद्धच्या कायद्यानं तो काढून घेतला. बायका लिहीत राहिल्या, मागत राहिल्या. १८९६ साली हक्क परत मिळाला.

१९१४ साली पत्र बंद पडलं. पुढच्या पिढ्या ते विसरल्या. मग बॉस्टनकडच्या मॉर्मन बायकांना ग्रंथालयात जुने अंक सापडले. आपल्या आज्या देवभोळ्या होत्या, पण मुक्या नव्हत्या, हे त्यांना कळलं. १९७४ साली त्यांनी ‘एक्स्पोनंट टू’ सुरू केलं. पंथातलं पुरोहितपद आजही पुरुषांकडेच आहे; त्याबद्दल बायका श्रद्धा न सोडता विचारतात.

तेव्हा वहीत नुसतं ‘सर्वानुमते मंजूर’ लिहू नका. कोण काय म्हणाली, कुणाला पटलं नाही, तेही लिहा. नाती वाचतील.