कोयनेचं रान आणि पाण्याखालची गावं

(वर्धापनदिनी विहाराच्या सभागृहात केलेले भाषण)



समितीनं मला सांगितलं, कोयना अभयारण्यात आपली मंडळी जाऊन आली, त्यावर दोन शब्द बोला. मी साच्यावर उभा राहिलेला गिरणी कामगार. झाडांची पुस्तकी नावं मला येत नाहीत. जे पाहिलं आणि नंतर वाचून काढलं, तेवढं सांगतो.

साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीला जायचं. पुढं नुसतं पाणी, शिवसागर. वनखात्याचा परवाना काढून लाँचमध्ये बसायचं, आणि दीडेक तासानं मेट इंदवलीच्या काठाला उतरायचं. तिथून वासोट्याची चढण. काठावर पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात, लिहून घेतात, परतताना तेवढंच दाखवावं लागतं. आमच्यातल्या एका पोराला याचा राग आला. मला नाही आला. गिरणीच्या गेटावर उभी हयात झडती दिली, ती मालकाच्या मालासाठी. ही निदान रानासाठी होती.

आत शिरलो आणि भर दुपारी अंधारून आलं. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, सगळी एकमेकांच्या खांद्यावर उभी. याला सदाहरित जंगल म्हणतात. पानं इथंही गळतात, पण सगळी झाडं एकदम उघडी पडत नाहीत. जुनं पान जातं तोवर नवं आलेलं असतं. या पट्ट्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या मुंबईच्या दुप्पट. तो थेंब आधी पानावर आपटतो, मग पाचोळ्यात मुरतो, मुळं त्याला धरून ठेवतात. माती वाहून धरणात जात नाही आणि ओढे पावसाळ्यानंतरही वाहतात. आमच्या वाटाड्यानं वर बोट केलं, शेकरू! तांबूस पाठीची, हातभर शेपटीची खार. या फांदीवरून त्या फांदीवर गेली, जमिनीला पाय नाही. बायामंडळींना गव्याची भीती वाटत होती. गवा दिसला नाही, शेण दिसलं.

हे रान १९८५ साली अभयारण्य झालं, सुमारे ४२४ चौरस किलोमीटर. २०१० मध्ये चांदोलीसकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून घेतली, त्यात आपल्या महाराष्ट्राची चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. चांगली गोष्ट आहे. पण मंडळी, मला बोलायचं आहे ते ज्या पाण्यावरून आपण गेलो त्याच्याबद्दल.

माझा एक जोडीदार जावळीकडचा. पाळी सुटली की आम्ही एकत्र चहा घ्यायचो. तो सांगायचा, माझं गाव बघायचं तर उन्हाळ्यात ये, पाणी उतरलं की जोती दिसतात. लाँचमध्ये बसल्यावर मला तेच आठवत होतं. आपल्या खाली चुली होत्या, गोठे होते, गावकुसाबाहेरचा आपला वाडाही होता. साठच्या दशकात धरण झालं. पाणी डोंगराच्या पोटातून कोकणाच्या बाजूला सोडलं, त्यावर वीज केली, आज चारही टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॅटच्या घरात आहे. वापरलेलं पाणी वाशिष्ठीतून समुद्राला जातं. त्या विजेवर मुंबई-ठाण्याचे कारखाने फिरले. म्हणजे ज्यांचं गाव बुडालं त्यांचीच पोरं इथं येऊन त्याच विजेवर राबली! वर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली.

मी धरणाला शिव्या देणारा नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते, पाटबंधारे आणि वीज त्याच खात्यात. नद्यांना बांध घालून वीज करावी, गरिबाला काम मिळावं, हे त्यांचंच धोरण. प्रश्न एवढाच, की उठवलेल्या माणसाचं काय? कोयनेची माणसं ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी पांगली. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याच्या हातात कागद तरी होता. जो दुसऱ्याच्या बांधावर राबत होता, त्यानं काय दाखवायचं? डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाबरोबर ही माणसं २०१८ सालीसुद्धा कोयनानगरला ठिय्या देऊन बसली होती. धरणाला पन्नासाहून जास्त वर्षं झाल्यावर!

२०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाची एक वाघीण गाडीतून, डॉक्टर सोबत देऊन, चांदोलीत आणली. आणायलाच हवी; वाघ राहिला तर रान राहील. नव्या जागी जनावर रुळावं म्हणून किती काळजी घेतात ते वाचलं, आणि मला जोडीदाराची आई आठवली. नव्या जागेत तिला शेवटपर्यंत झोप लागली नाही म्हणे.

आपली निम्मी वस्ती पारसिकच्या उतारावर. नोटीस हा शब्द ऐकला की आपल्या पोटात गोळा येतो. म्हणून जंगलाची बाजू घेताना आपली जीभ अडखळते, हे मला कळतं. पण पावसाळ्यात दरड खाली येते ती आपल्याच घरावर येते, तिथं झाड असतं तर माती धरून ठेवलं असतं. समितीनं यंदा डोंगराच्या बाजूला जांभूळ आणि हिरडा लावायचं ठरवलं आहे. रोपं आपण रोपवाटिकेतूनच घ्यायची. अभयारण्यातून काडीसुद्धा आणायची नाही.

डिसेंबरात पुन्हा जायचं आहे. पावसाळ्यात ती वाट बंद असते आणि आत मुक्कामाला परवानगी नाही, तेव्हा पहाटे बामणोलीत पोचावं लागेल. ज्यांना यायचं आहे त्यांनी पौर्णिमेच्या वंदनेनंतर माझ्याकडे नावं द्यावीत. म्हाताऱ्या मंडळींनी काठापर्यंत तरी यावं, लाँचमध्ये बसता येतं.

जय भीम.