दीर्घ पल्ल्याची घोडदौड आणि मुक्या जिवाचे संरक्षण



१८९२ साली जर्मन व ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यांनी बर्लिन आणि व्हिएन्ना या राजधान्यांच्या दरम्यान घोडदौडीची शर्यत लावली होती. अंतर सुमारे ५८० किलोमीटरचे. विसावा कोठे व किती द्यावयाचा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे होते. विजयी स्वाराने तीन दिवसांच्या आत पल्ला गाठला. परंतु त्याचा घोडा त्यानंतर जगला नाही. आणखीही कित्येक घोडे प्राणास मुकले. घोडा स्वाराच्या इच्छेखातर आपल्या शक्तीपलीकडे धावतो, म्हणून त्याच्या शक्तीची मर्यादा दुसऱ्या कोणी तरी पाहिली पाहिजे, हा धडा त्या शर्यतीने घालून दिला.

या धड्यातूनच दीर्घ पल्ल्याच्या घोडदौडीचे आधुनिक नियम घडत गेले. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९५५ पासून टेव्हिस चषकाची घोडदौड होत आली आहे. डोंगरवाटांनी सुमारे १६० किलोमीटरचे अंतर चोवीस तासांत पुरे करावयाचे असते. तेथे १९६४ पासून आणखी एक चषक दिला जातो. प्रथम आलेल्या दहा घोड्यांपैकी ज्याची प्रकृती सर्वांत उत्तम असेल, त्याचा तो मान. पहिला कोण आला, याइतकेच घोडा कोणत्या स्थितीत आला यालाही महत्त्व आहे, असा या चषकाचा अर्थ आहे.

आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या नियमांनुसार अशी दौड सलग होत नाही. तिचे टप्पे पाडलेले असतात. प्रत्येक टप्प्याअखेर पशुवैद्य घोड्याची तपासणी करतात. विश्रांतीच्या वेळी घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटास साधारणतः तीस ते चाळीस असतात. टप्पा संपल्यावर ठरलेल्या मुदतीत ते ६४ पर्यंत खाली आले पाहिजेत. तसे न झाल्यास घोडा बाद होतो. याखेरीज हिरड्यांचा रंग, आतड्यांचा आवाज आणि दुडक्या चालीत दिसणारा लंगडेपणाही पाहिला जातो. या तपासणीचे कारण शास्त्रीय आहे. घामावाटे घोड्याच्या शरीरातून पाण्याबरोबर क्षारही मोठ्या प्रमाणात निघून जातात आणि त्यामुळे त्याची तहानच मंदावते. पाण्याची अत्यंत गरज असताना तो पाण्याला तोंड लावीत नाही. मालकाला मात्र तो नुसताच थकलेला वाटतो.

नियम इतके चांगले असूनही संकट टळले नाही. सपाट, वाळूच्या मार्गांवरील शर्यतींत वेग वाढला, बक्षिसांच्या रकमा वाढल्या आणि सहनशक्तीची कसोटी ही वेगाची शर्यत होऊन बसली. घोड्यांच्या हिताच्या प्रश्नावरून महासंघाने मार्च २०१५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या राष्ट्रीय संघटनेला निलंबित केले. सुधारणांचा करार झाल्यावर त्याच वर्षी निलंबन उठविले. १२ सप्टेंबर २०१८ रोजी अमेरिकेत ट्रायन येथील जागतिक स्पर्धा उष्मा व दमटपणा यांमुळे मध्येच रद्द करावी लागली. पन्नासहून अधिक घोड्यांवर उपचार करावे लागले आणि एका घोड्याला पुढे वेदनामुक्त मरण द्यावे लागले.

या घटनांनंतर २०२० मध्ये महासंघाने नियम अधिक कडक केले. टप्प्यांवर ठोके उतरण्यासाठी वीस मिनिटांची मुदत होती, ती पंधरा मिनिटांवर आणली. तरुण घोड्याने प्रथम मर्यादित वेगाच्या दौडी पूर्ण कराव्यात, तेव्हाच त्याला मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळावा, असे बंधन घातले. एका स्पर्धेनंतर दुसरीपर्यंत सक्तीची विश्रांती ठरवून दिली. अधिक अंतर, अधिक वेग किंवा वारंवार बाद होणे यांनुसार ती वाढते. जबाबदारी केवळ स्वारावर न ठेवता प्रशिक्षकावरही टाकली. अबू धाबीतील बूथीब येथे तर आयोजकांनी स्वतः होऊन ताशी २० किलोमीटरची वेगमर्यादा घातली आणि सुस्थितीत परतणाऱ्या घोड्यांसाठी बक्षिसे ठेवली. नुसत्या शिक्षेपेक्षा बक्षिसाची पद्धत बदलणे कित्येकदा अधिक परिणामकारक ठरते, हे यातून ध्यानात येते.

या अनुभवाशी महाराष्ट्राचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्या गावोगावच्या जत्रांत बैलगाड्यांच्या शर्यती होतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून नियम केले आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, एक हजार मीटरची अंतरमर्यादा आणि पशुवैद्यकीय तपासणी या त्यातील प्रमुख अटी होत. परवानगी मिळाली ती या अटींसह मिळाली आहे. अटी बाजूला सारून शर्यतीचा हक्क सांगता येणार नाही.

मैदानावर उभ्या असलेल्या पशुवैद्याला 'हा बैल आज पळणार नाही' असे निर्भयपणे म्हणता येते का, आणि तसे म्हटल्यावर गाव त्याच्या पाठीशी उभे राहते का, यावर सर्व काही अवलंबून आहे. गाडा मानाचा असो की पुढाऱ्याचा, निर्णय एकच राहिला पाहिजे. पंचायतींनी पाणी, सावली व उपचाराची सोय शर्यतीपूर्वीच करावी. शर्यत संपल्यावर सर्वांत सुस्थितीत असलेल्या जोडीचा वेगळा सन्मान करावा. शिक्षकांनी मुलांना दमलेल्या जनावराची लक्षणे ओळखावयास शिकवावे.

बैलपोळ्याच्या दिवशी ज्याच्या शिंगांना रंग लावून आपण पुरणपोळीचा घास भरवितो, त्याचे ऋण वर्षाच्या उरलेल्या दिवसांतही फेडावयाचे असते. थांबवा असे त्याला स्वतःला म्हणता येत नाही. त्याच्या वतीने ते म्हणणे हे नियमाचे, आणि नियम राबविणाऱ्या माणसांचे, काम आहे.