रस्त्यावर किती दिवस बसावे?
(गावच्या पारावर एका शिक्षकाने केलेले भाषण)



गेल्या आठवड्यापासून ह्या पारावर दोन तट पडले आहेत, हे तुम्हां सर्वांस ठाऊकच आहे. संकलन केंद्रावर दुधाचा दर उतरला. सरकी पेंड मात्र महागच राहिली. तेव्हा तरुण मंडळींनी बोलून दाखविले की, दर मिळेपर्यंत फाट्यावर बसायचे, मग महिना लागो की दोन महिने. म्हातारी मंडळी म्हणतात, रस्ता अडवून आजवर कोणाचे पोट भरले आहे? आणि फाट्यावर ज्यांची दुकाने आहेत ते आपले लोहार-सुतार बांधव विचारतात की, गिऱ्हाइकाची वाट तुम्हीच बंद केलीत तर आमची चूल कोणी पेटवायची? सगळ्या बाजूंस आमचे जुने विद्यार्थी आहेत, आणि त्यांनीच आम्हांस चार शब्द बोलावयास सांगितले. आम्ही सरकारी पगार घेणारे मास्तर. फाट्यावर येऊन बसणे आम्हांस शक्य नाही. जो स्वतः उन्हात बसणार नाही, त्याने दुसऱ्यास बसा किंवा उठा म्हणून सांगणे शोभत नाही. म्हणून आम्ही हुकूम सोडण्यास नव्हे, तर एक दाखला सांगण्यास उभे आहोत.

दाखला दूरचा, फ्रान्स देशाचा आहे. घरचे भांडण बोलू लागले की रक्त तापते. परक्याचे भांडण माणूस शांत डोक्याने पाहतो. म्हणून आधी परक्याचे पाहू, मग आपल्याकडे वळू.

फ्रान्समध्ये प्रत्येक गाडीवाल्याने गाडीत एक पिवळे जाकीट ठेवावे असा २००८ पासून कायदा आहे. गाडी रस्त्यात बंद पडली तर दुरून दिसावे म्हणून ते घालायचे. २०१८ साली सरकारने ठरविले की, नव्या वर्षापासून डिझेलवर लिटरमागे साडेसहा सेंट कर वाढवायचा. हवा शुद्ध राहावी म्हणून लोकांनी तेल कमी जाळावे, हे त्याचे कारण सांगितले. कारण ऐकायला बरे. पण खेड्यात राहून दूरच्या गावी कामाला जाणाऱ्या माणसास गाडीवाचून दुसरा उपाय नाही. आणि त्याच सालच्या आरंभी ह्याच सरकारने तेरा लाख युरोंच्या वर मालमत्ता असणाऱ्यांवरचा जुना कर काढून टाकला होता. फक्त घरे-जमिनींवरचा तेवढा ठेवला, आणि शेअर व रोखे ह्यांत गुंतलेला पैसा मोकळा सोडला. म्हणजे धनिकाची गाठोडी हलकी केली आणि कामकऱ्याच्या टाकीवर हात घातला. लोकांस नुसता कर बोचला नाही. हा दुजाभाव बोचला.

१७ नोव्हेंबर २०१८, शनिवार. सरकारी मोजणीप्रमाणेच पावणेतीन लाखांवर लोक पिवळी जाकिटे घालून देशभर रस्त्यांवर आले. कोणी पुढारी नाही, पक्ष नाही, कामगार संघ नाही. ट्रक चालवणारे, दवाखान्यात रुग्णांची सेवा करणाऱ्या बाया, एकट्याने पोरे वाढवणाऱ्या आया, पेन्शनीत म्हातारे. जेथे चार रस्ते मिळतात तेथे त्यांनी झोपड्या घातल्या, शेकोट्या पेटविल्या, आणि दर शनिवारी मोर्चे काढले. हे महिनोन् महिने चालले.

आता तेथेही आपल्यासारखेच तट पडले. सुरुवातीस दहांतले सात लोक त्यांच्या बाजूचे होते. पुढे १ डिसेंबरला पॅरिसमध्ये थोर विजय-कमानीची नासधूस झाली, मोटारी जळाल्या. नाताळच्या तोंडावर ज्यांचे शनिवार बुडाले ते दुकानदार कळवळले. २७ जानेवारी २०१९ रोजी तर गळ्यात लाल रुमाल बांधून सुमारे दहा हजार माणसे पॅरिसमध्ये उलट मोर्चा घेऊन निघाली की, आता हा दंगा पुरे. एक म्हणे, ह्यांना काय हवे ते ह्यांनाच ठाऊक नाही. दुसरा म्हणे, रस्त्यावर आल्याशिवाय आमच्याकडे कोणी पाहिले तरी होते का? तिसरा म्हणे, तुम्हाला जगाच्या अंताची काळजी, आम्हाला महिनाअखेरची. दोन्हींचा वैरी एकच नाही काय?

कोण खरे? आम्ही पोरांना जमाखर्च शिकवतो, तसाच ह्याचाही मांडू.

जमेची बाजू आधी. तीन आठवडे झाले न झाले तोच सरकारने तेलावरची वाढ सोडून दिली. १० डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष माक्राँ ह्यांनी जाहीर केले की, किमान वेतनावर राबणाऱ्यास महिना शंभर युरो अधिक मिळतील, आणि लहान पेन्शनवाल्यांवरची करवाढ मागे घेतली जाईल. ह्या साऱ्यास सुमारे १० अब्ज युरो लागले. एप्रिल २०१९ मध्ये प्राप्तिकरात ५ अब्जांची सूट आली. ह्यातला एकही पैसा कोणी अर्ज करून मिळविलेला नव्हता. तेव्हा रस्त्यावर बसून काही मिळत नाही, असे जे वडीलधारे म्हणतात, त्यांनी हा आकडा पाहावा.

आता खर्चाची बाजू तरुणांनी पाहावी. सुमारे दहा माणसे मेली, बहुतेक अडवलेल्या रस्त्यांवरच्या अपघातांत. पोलिसांच्या रबरी गोळ्यांनी वीसांहून अधिक लोकांचा एकेक डोळा गेला. काहींचे हात गेले. आणि ज्या दोन मोठ्या गोष्टी त्यांना हव्या होत्या, म्हणजे धनिकांवरचा तो कर पुन्हा बसवावा आणि लोकांनी सही करून मागितल्यास कायद्यावर थेट मत घ्यावे, त्या दोन्हीही मिळाल्या नाहीत. जे काही मिळाले त्यातले बहुतेक पहिल्या चार-पाच आठवड्यांत मिळाले. पुढे शनिवारमागून शनिवार गेले, गर्दी ओसरत गेली, आणि लोकांचे बोलणे करावरून हटून मोर्च्यावर आले. पगाराची चर्चा मागे पडली, फुटलेल्या काचांची पुढे आली. गरिबाच्या चळवळीचा ह्याहून मोठा तोटा नाही.

असे का झाले? आमच्या मते कारण एक आहे. इतके मिळाले म्हणजे उठायचे, हे सांगण्याचा अधिकार त्यांनी कोणालाच दिला नव्हता. जो पुढे होऊन बोलू लागे त्याला त्याचेच लोक फितूर म्हणत. मे २०१९ च्या युरोपीय निवडणुकीत पिवळ्या जाकिटांच्या नावाने जे उभे राहिले त्यांना शंभरात एक मतही पडले नाही.

आणखी एक गोष्ट, ती आम्हां मास्तरांच्या मनाला लागते. त्या धामधुमीत खेड्यांच्या नगरप्रमुखांनी आपापल्या कचेरीत कोऱ्या वह्या ठेवल्या आणि लोकांस सांगितले की, गाऱ्हाणे लिहा. हजारो गावांतून लोकांनी आपल्या हाताने लिहिले. पुढे त्या वह्या सरकारी दप्तरखान्यांत गेल्या आणि तेथेच राहिल्या. मार्च २०२५ मध्ये त्यांच्या लोकसभेला ठराव करावा लागला की, त्या खुल्या करा. सहा वर्षे रयतेचे म्हणणे फडक्यात बांधून ठेवलेले! लिहिलेले कागद जपणारा आपला माणूस नसला म्हणजे असे होते.

आता कोणी म्हणेल, पुढारी असला म्हणजे सगळे साधते काय? तेही खरे नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी, त्यांत आदिवासी बायाबापे पुष्कळ, सुमारे १८० किलोमीटर पायी मुंबईस गेले. दहावीच्या मुलांना परीक्षेस जाताना अडचण होऊ नये म्हणून सोललेल्या पायांनी ते रातोरात चालून आझाद मैदानावर पोचले. त्या दिवशी सारी मुंबई त्यांच्या बाजूची झाली. त्यांना पुढारी होते, मागण्यांचा कागद होता, सरकारने लेखी आश्वासनही दिले. तरी पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, त्यांना पुन्हा निघावे लागले. कारण लिहून दिलेले पुरे झाले नव्हते. सारांश, कागद मिळविणे हे निम्मे काम. तो वठवून घेणे हे उरलेले निम्मे.

तेव्हा आपल्या फाट्याविषयी आमचे म्हणणे थोडक्यात ऐका. बसायचे की नाही ते तुम्ही ठरवा. बसायचे ठरल्यास आधी मागणी एका कागदावर उतरवा: किती फॅटला किती दर, आणि कोणत्या तारखेपासून. नुसते 'न्याय द्या' म्हटल्याने देणाराही मोकळा आणि मागणाराही मोकळा. बोलणीस पाच माणसे नेमा, त्यांत दोन तरी बाया असू द्या. कारण पहाटे उठून धार काढणारा हात बहुतेक घरी तिचाच आहे. ह्या पाचांनी बोलावे. पण पारावर येऊन विचारल्याशिवाय कबूल काही करू नये. म्हणजे विकले गेल्याचा संशयही नको आणि बोलायला कोणी नाही अशी पाळीही नको. उठण्याचा दिवस बसण्याआधी ठरवा. अर्धा रस्ता मोकळा ठेवा. दवाखान्याची गाडी, एस्टी आणि शाळेची पोरे अडता कामा नयेत. आणि लोहार-सुतारांचे गिऱ्हाईक आपण अडवणार असू, तर तितके दिवस त्यांच्या घरी दूध-भाकरीची उणीव पडू देणार नाही, हे दूधवाल्या घरांनी आजच बोलून टाकावे. शेजाऱ्याच्या चुलीत पाणी ओतून आपली चूल पेटत नाही.

राहिली वही. ती आम्ही देतो. बसण्यास आम्हांस मनाई आहे, पण वाचण्यास मनाई नाही. जे ठरेल, जे कबूल होईल, ते तीत लिहा. ती दप्तरखान्यात नव्हे, ह्या पाराशेजारच्या देवळात ठेवा, आणि दर अमावास्येस कोणातरी पोराकडून मोठ्याने वाचून घ्या. जे कबूल झाले आणि आले नाही, ते सगळ्या गावाच्या कानांवर महिन्याच्या महिन्याला पडले पाहिजे.

उद्या सकाळी हात वर करून ठरायचे आहे. रात्री घरोघरी बोला; बायकांना विचारा, फाट्यावरच्या दुकानदारालाही विचारा. मग जे ठरेल त्यात सगळे गाव एक असू द्या. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.