घरच्या कार्याचं घरचं चित्रण
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेलं भाषण)



आम्ही चार-पाच नोकरदार माणसं. कुणाचाही हा धंदा नाही. नात्यात किंवा ओळखीत कार्य असलं की मोबाईल आणि एक जुना कॅमेरा घेऊन उभे राहतो, इतकंच. पैसे घेत नाही, जेवण मात्र सोडत नाही.

लोक विचारतात, एवढे पैसे मोजून व्हिडिओवाला बोलावल्यावर तुमचं काय काम? आपल्या इंदूरचे व्हिडिओवाले कामात पक्के आहेत, ड्रोनसुद्धा उडवतात. पण त्यांच्या डोक्यात लग्न म्हणजे वरमाला आणि फेरे. आपल्याकडे अंतरपाट असतो. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट दूर होतो आणि दोघं एकमेकांकडे बघतात, ती दोन सेकंदं. नेमका तेव्हा त्यांचा कॅमेरा अक्षता टाकणाऱ्या पाहुण्यांकडे वळलेला असतो. मग भटजींना विनंती होते, ‘पंडितजी, एक बार फिर से!’ ते परत कसं होणार?

हौशी माणसाचं भांडवल एवढंच, की पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असतं. लाजाहोमाला नवरीचा भाऊ कान पिळायला येणार, तर आधीच समोरच्या बाजूला जाऊन बसायचं. भटजींच्या मागे उभं राहिलात तर नुसतं उपरणं मिळेल. सप्तपदीला कॅमेरा जमिनीजवळ हवा, सगळी गंमत पावलांत आणि तांदळाच्या पुंजांत असते. सूनमुख पाहताना सासूबाईंच्या खांद्यामागून आरसा धरा, फक्त आरशात तुम्हीच दिसत नाही ना, ते बघा. गौरीहरापाशी नवरी एकटी बसलेली असते. तिथे दारातूनच अर्धा मिनिट घ्यावं आणि निघावं. सगळंच टिपायला हवं असं आम्हाला वाटत नाही.

तांत्रिक गोष्टी थोड्याच. मोबाईल आडवा धरा आणि फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन मुहूर्तावर फोन येतो. आपली वीज 50 हर्ट्झची. त्यामुळे हॉलच्या दिव्यांत चित्रावर पट्टे सरकताना दिसले, तर सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवा, बहुतेक वेळा पट्टे जातात.

खरी मेहनत आवाजावर घ्यावी. एक जादा मोबाईल रेकॉर्डिंग चालू करून पाटाजवळ ठेवून द्यावा, दुसरा विहिणीच्या पंगतीत. डीजे सुरू झाला की मग काही हाती लागत नाही. कुठल्या आत्याने घरीच रचलेलं मंगलाष्टक, ऐंशी वर्षांच्या आजीने घेतलेलं नाव, तिचं ते ‘गं बाई’ आणि मधेच येणारं ‘अच्छा’, हे पूर्ण घ्या. पंधरा सेकंदांचं रील करून बाकीचं पुसू नका. आपल्या पिढ्या इथे गेल्या, पण आता नातवंडं आजीला हिंदीत उत्तर देतात. तिचं बोलणं कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही.

आमच्यातल्या एकाच्या घरी 1991 सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट निघाली. रंग उडालेले, चेहरे ओळखू येईनात. आवाज मात्र शाबूत होता. आत्याबाईंचं मंगलाष्टक शेवटपर्यंत, आणि मागून आजोबा ओरडतायत, ‘अहो, मागे अक्षता पोचल्या का?’ दोघंही आता नाहीत. त्या दिवशी घरात ती फीत चार वेळा लावली, चित्राकडे कुणी बघत नव्हतं.

अशा कॅसेटी इथे बसलेल्या बऱ्याच घरांत माळ्यावर असतील. शेवटच्या जपानी कंपनीनेही व्हीसीआर बनवणं 2016 मध्ये थांबवलं. म्हणजे फीत टिकली तरी लावायचं यंत्र मिळणं कठीण होत जाणार. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती चुकूनही लावू नका. यंत्राचं हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटीलाही बुरशी लागते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधून आणा.

आमच्याकडे एक व्हीसीआर अजून चालतो. दिवाळीपर्यंत दर रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत तो लावून बसणार आहोत. कॅसेटीवर कुणाचं लग्न आणि साल लिहा, एक रिकामा पेन ड्राइव्ह आणा. आणि घरातलं एखादं जुनं माणूस बरोबर घेऊन या, आवाज कुणाचा ते सांगायला.